वाचकांचे प्रश्न : बियांतली दले आणि झाडांची घडण

पावसाळा सुरू झाला की या सदराकडे बियांविषयीची पत्रे वाढतात. शाळांचे प्रकल्प याच सुमारास सुरू होतात, बाल्कनीतल्या कुंड्यांत काही ना काही पेरले जाते आणि बाजारात रानभाज्या येतात. ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांपैकी एकबीजपत्री आणि द्विबीजपत्री, म्हणजे बियात एक किंवा दोन बीजपत्रे (दले) असणाऱ्या, वनस्पतींविषयीचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. या दोन गटांच्या बी, मूळ, खोड, पान आणि फूल यांच्या लक्षणांचा पाठ्यपुस्तकातला दोन रकान्यांचा तक्ता बहुतेकांना पाठ असतो. त्यातली लक्षणे एकमेकांशी कशी जोडलेली आहेत हे समजले, तर तो तक्ता घोकावा लागत नाही आणि अपवाद समोर आले तरी गोंधळ उडत नाही, असे माझे ठाम मत आहे. पुढील उत्तरे त्याच दृष्टीने लिहिली आहेत.

प्रश्न : मुलीच्या नववीच्या प्रकल्पासाठी वाल, हरभरा आणि मका भिजत घातले. वाल आणि हरभऱ्याचे दोन भाग सहज झाले, पण मक्याचा दाणा काही केल्या उलगडेना. मक्याला एकच बीजपत्र असते, असे पुस्तकात दिले आहे. मग दाण्याचा आतला सगळा पिवळा-पांढरा भाग म्हणजेच ते बीजपत्र समजायचे का?
– एक पालक, नेरूळ

उत्तर : नाही. हा गैरसमज इतका सर्वत्र आढळतो की त्याचे उत्तर जरा सविस्तर द्यायला हवे. मक्याच्या दाण्याचा सुमारे चार-पंचमांश भाग हा भ्रूणपोष, म्हणजे अन्नाचा साठा असतो. बीजपत्र हा भ्रूणाचा, म्हणजे भावी रोपाचा अवयव असून मक्यात तो आकाराने बराच लहान असतो. हा फरक घरच्या घरी डोळ्यांनी पाहता येतो.

आधी वाल घ्या. रात्रभर भिजलेल्या वालाच्या कडेला जी लांबट पांढरी रेघ दिसते, तिथे तो दाणा शेंगेला जोडलेला होता. दाणा फडक्याने कोरडा करून चिमटीत हलकेच दाबला, तर त्या रेघेच्या टोकाशी असलेल्या सूक्ष्म छिद्रातून पाण्याचा बारीकसा थेंब बाहेर येतो. हे बीजरंध्र होय. आता बिरड्यासाठी सोलतो तसे साल काढा. दोन जाड दले वेगळी होतात, पण ती पूर्णपणे सुटी होत नाहीत. एका बाजूला लहानशा आसाने ती एकमेकांशी जोडलेली राहतात. त्या आसाचे बाहेरच्या बाजूला असलेले निमुळते टोक म्हणजे आदिमूळ (पुढे मूळ होणारा भाग) आणि दोन दलांच्या मध्ये दडलेले टोक म्हणजे प्रांकुर (पुढे कोंब होणारा भाग). भिंगातून पाहिल्यास प्रांकुराशी घडी घातलेली दोन इवली पाने स्पष्ट दिसतात. ही दोन दले हीच बीजपत्रे. वालाच्या पक्व बियात वेगळा अन्नसाठा उरलेला नसतो, कारण बी तयार होत असतानाच बीजपत्रांनी भ्रूणपोषातले अन्न शोषून ते स्वतःमध्ये साठवलेले असते. हरभऱ्याचेही तसेच आहे. त्याच्या चोचीसारख्या टोकाखाली आदिमूळ असते.

मक्याच्या दाण्याच्या एका सपाट बाजूवर, देठाकडच्या अंगाला, फिकट पांढरा लांबट भाग दिसतो. त्याखाली भ्रूण असतो. भिजलेला दाणा धारदार पात्याने उभा असा कापावा की त्या पांढऱ्या भागाचे डावा आणि उजवा असे दोन तुकडे होतील. हे काम मोठ्या माणसाने करावे. औषधाच्या दुकानात मिळणारे टिंक्चर आयोडीन पाण्यात पातळ करून त्याचा थेंब कापलेल्या भागावर टाकला की भ्रूणपोषातल्या स्टार्चमुळे मोठा भाग निळा-काळा होतो आणि भ्रूण बराचसा पिवळसर राहतो. भ्रूण आणि भ्रूणपोष जिथे भिडतात, तिथे भ्रूणाच्या बाजूला जो चपटा अवयव दिसतो, ते मक्याचे एकमेव बीजपत्र होय. शास्त्रीय लिखाणात त्याला स्क्युटेलम म्हणतात. भ्रूणपोषातले अन्न शोषून वाढत्या कोंबाला पोहोचवणे हे त्याचे काम असून ते दाण्याबाहेर कधीच येत नाही. कोंबाभोवती आणि आदिमुळाभोवती एकेक संरक्षक आवरणही असते. वालात तशी आवरणे नसतात. शिवाय मक्याचा दाणा हे खरे तर एक संपूर्ण फळ आहे. फळाची भित्ती आणि बीजावरण एकजीव झालेले असल्यामुळे वालासारखे त्याचे साल सुटून येत नाही.

हे अन्न कसे शोषले जाते, हा भाग पुस्तकात सहसा येत नाही, पण तो फार सुंदर आहे. गहू, जव, भात यांसारख्या दाण्यांत भ्रूणपोषाच्या अगदी बाहेरच्या बाजूला जिवंत पेशींचा एक पातळ थर असतो. पाणी मिळाले की भ्रूणाकडून जिबरेलिन हे संप्रेरक या थरापर्यंत पोहोचते, थरातल्या पेशी स्टार्च फोडणारे अमायलेज हे विकर तयार करतात आणि घट्ट स्टार्चची विरघळणारी शर्करा होते. भ्रूण काढून टाकलेला जवाचा अर्धा दाणा नुसताच ओला ठेवला तर त्यात ही क्रिया होत नाही, पण त्यावर जिबरेलिन घातले तर ती सुरू होते, असे प्रयोगांतून दिसून आले आहे. मोड आणून केलेले नाचणीचे सत्त्व लहान मुलांना पचायला हलके असते आणि चवीला गोडसर लागते, त्यामागेही हीच क्रिया आहे.

मुलीने तक्त्यात ‘एकबीजपत्री म्हणजे भ्रूणपोष असलेले, द्विबीजपत्री म्हणजे भ्रूणपोष नसलेले’ असे लिहू नये, एवढी मात्र विनंती आहे. एरंड आणि पपई द्विबीजपत्री आहेत, तरीही त्यांच्या पक्व बियांत भ्रूणपोष असतो. उलट ऑर्किड एकबीजपत्री असून त्यांच्या धुळीएवढ्या बियांत भ्रूणपोष नसतो आणि रुजण्यासाठी त्यांना बुरशीची मदत घ्यावी लागते. एरंडाचे बी विषारी असल्यामुळे मुलांनी ते कापायला घेऊ नये, पपईचे घ्यावे. पेरणीसाठी विकल्या जाणाऱ्या मक्याला बहुधा गुलाबी किंवा लाल रंगाचे बुरशीनाशक चोळलेले असते. तोही मुलांच्या हाती देऊ नये.

एकच बीजपत्र हिरवे होऊन जमिनीवर आलेले पाहायचे असेल, तर कांद्याचे बी पेरावे. त्यातून बाहेर येणारा हिरवा दोरा आधी गुडघ्यासारखा वाकलेला असतो आणि त्याचे टोक बियातच अडकून आतले अन्न शोषत राहते. तो दोरा म्हणजेच बीजपत्र. हे बी बियाण्यांच्या दुकानातूनच घ्यावे. किराणा दुकानात कांद्याचे बी म्हणून बऱ्याचदा कलौंजी मिळते. ती वेगळी वनस्पती आहे आणि द्विबीजपत्री आहे.

प्रश्न : अख्ख्या मुगाला मोड येतात, मुगाच्या डाळीला येत नाहीत. पांढरा तांदूळही कितीही भिजवला तरी रुजत नाही. दोन्हींचे कारण एकच आहे का?
– एक वाचक, कळवा

उत्तर : परिणाम एकच असला, तरी दोन्हींत गमावलेली वस्तू सारखी नाही. डाळ म्हणजे सुटे झालेले एक बीजपत्र. दाणा भरडताना दोन बीजपत्रांना जोडणारा आस तुटतो. आदिमूळ आणि प्रांकुर चुऱ्याबरोबर निघून जातात किंवा दुखावतात. अन्नसाठा शाबूत असतो, पण ते अन्न वापरून वाढणारे रोपच उरलेले नसते. तांदळाच्या बाबतीत गिरणीत पॉलिश करताना कोंड्याबरोबर भ्रूण निघतो आणि त्या भ्रूणातच त्याचे एकमेव बीजपत्रही असते. ताटात येतो तो पांढरा तांदूळ म्हणजे जवळजवळ निव्वळ भ्रूणपोष. दाण्याच्या एका टोकाशी जो तिरपा खळगा दिसतो, ती भ्रूणाची रिकामी झालेली जागा आहे. आपण डाळ-भात जेवतो तेव्हा एका वनस्पतीची बीजपत्रे आणि दुसऱ्या वनस्पतीचा भ्रूणपोष खात असतो.

मूग आणि तूर या दोघांच्याही डाळी होतात, पण त्यांची उगवण वेगळी असते. मूग आणि वाल उगवताना बीजपत्रांखालचा खोडाचा भाग लांबतो आणि बीजपत्रे जमिनीवर उचलली जातात. तूर आणि हरभरा उगवताना बीजपत्रांवरचा भाग लांबतो, त्यामुळे बीजपत्रे मातीतच राहतात. आंब्याची कोयही तशीच उगवते.

प्रश्न : घरातला जुना नारळ फोडला, तर आत पाण्याऐवजी पिवळसर, स्पंजासारखा गोळा निघाला. आजी म्हणाली की तो खातात, आणि तो गोडही लागला. नारळाला एकच बीजपत्र असते, असे वाचले होते. हा गोळा म्हणजे काय?
– एक विद्यार्थिनी, कोपरखैरणे

उत्तर : तुझ्या आजीने तुला नारळाचे बीजपत्रच खायला दिले. नारळाच्या करवंटीला तीन डोळे असतात, कारण त्याचे फळ तीन अंडपांपासून, म्हणजे फुलातल्या बीज धरणाऱ्या तीन भागांपासून, बनते. तीन हा एकबीजपत्री फुलांत वारंवार आढळणारा आकडा आहे. या तीन डोळ्यांपैकी एक मऊ असतो आणि त्याच्याच आत, खोबऱ्यात रुतलेला भ्रूण असतो. खोबरे हा पेशींनी बनलेला भ्रूणपोष आणि पाणी हा द्रवरूप भ्रूणपोष. नारळ रुजू लागला की कोंब मऊ डोळ्यातून बाहेरच्या बाजूला वाढतो आणि त्याच वेळी बीजपत्राचे दुसरे टोक आतल्या पोकळीत फुगत जाते. काही महिन्यांत ते सगळी पोकळी भरून टाकते आणि खोबऱ्याला भिडून त्यातले अन्न विरघळवून शोषते. शर्करा साठल्यामुळे ते गोड लागते. मक्यातला चपटा अवयव आणि नारळातला हा गोळा दिसायला कितीही वेगळे असले, तरी दोघांचे स्थान आणि काम एकच आहे.

या द्रवरूप भ्रूणपोषाची एक हकीकत सांगण्यासारखी आहे. १९४१ साली अमेरिकेत व्हॅन ओव्हरबीक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धोत्र्याचे अतिशय कोवळे भ्रूण बियांतून काढून कृत्रिम माध्यमात वाढवण्याचा प्रयत्न केला. माध्यमात शहाळ्या-नारळातला द्रव घातल्यावर ते वाढू लागले. एका एकबीजपत्री झाडाच्या भ्रूणपोषावर द्विबीजपत्री झुडपाचे भ्रूण पोसले गेले. ऊतिसंवर्धनाच्या (टिश्यू कल्चरच्या) प्रयोगशाळांत नारळाचे पाणी वापरण्याची प्रथा पुढे याच कामामुळे रुजली.

प्रश्न : जांभळी नाक्याच्या बाजारातून अळू आणि शेवळे आणली. अळूच्या पानावर शिरांचे जाळे स्पष्ट दिसते, म्हणून मुलाने त्याला द्विबीजपत्री म्हटले. संदर्भ पाहिला तर अळू एकबीजपत्री निघाले. मग शिरांवरून ओळखण्याचा नियम चुकीचा समजायचा का?
– एक गृहिणी, ठाणे पश्चिम

उत्तर : मुलाने डोळे उघडे ठेवून पाहिले, याबद्दल त्याचे कौतुक करा. नियम चुकीचा नाही, पण तो एकटा पुरेसा नाही. एकबीजपत्री वनस्पतींच्या पानांत शिरा बहुधा समांतर असतात. गवत, ऊस, हळद, केळ, बांबू, तसेच याच दिवसांत येणारी कुलूची भाजी यांत ते सहज दिसते. अळू आणि शेवळे मात्र सुरणाच्या कुळातल्या वनस्पती आहेत आणि या कुळात जाळीदार शिरा असलेली पाने सर्रास आढळतात. कोनफळ-करांद्यासारखे कंद देणाऱ्या वेली आणि येऊरच्या जंगलात दिसणारी घोटवेल याही एकबीजपत्री असून त्यांच्या पानांत जाळे असते. सावलीच्या, दमट जागेत राहणाऱ्या अनेक एकबीजपत्री वनस्पतींत रुंद पान आणि जाळीदार शिरा स्वतंत्रपणे पुन्हा पुन्हा निर्माण झाल्या आहेत.

अळूच्या बाबतीत इतर खुणा पाहाव्यात. त्याला सोटमूळ नसते. गड्ड्याच्या तळापासून सारख्या जाडीची मुळे फुटतात. देठाचा तळ रुंद होऊन पुढच्या पानाला वेढून घेतो. देठ आडवा कापला, तर धागे गोल कड्यात मांडलेले न दिसता सगळीकडे विखुरलेले दिसतात. अशा तीन-चार खुणा एकाच दिशेला बोट दाखवत असतील, तर एका शिराविन्यासाने विचलित होऊ नये. शेवळांबरोबर बाजारात जी काकडे मिळतात आणि जी घातल्याशिवाय शेवळांची खाज जात नाही, असे जाणत्या बायका सांगतात, ती एका द्विबीजपत्री वृक्षाची फळे आहेत. त्यामुळे त्या एका भाजीत दोन्ही गट आहेत.

उलट बाजूचा अपवाद सीताफळात पाहायला मिळतो. सीताफळाचे बी दोन बीजपत्रांचे, पान जाळीदार शिरांचे, खोड दरवर्षी जाड होणारे. पण फुलात तीन निदले (पाकळ्यांबाहेरची दले) आणि तीन मांसल पाकळ्या असतात. तक्त्याप्रमाणे तीनचा हिशेब एकबीजपत्री वनस्पतींचा आणि चार-पाचचा द्विबीजपत्री वनस्पतींचा. या विसंगतीमागे मोठे कारण आहे. बियांच्या उगवणीतला फरक ग्रीक विद्वान थिओफ्रॅस्टस याच्याही लक्षात आला होता आणि १६८२ साली जॉन रे या इंग्रज अभ्यासकाने बीजपत्रांच्या संख्येला वर्गीकरणात महत्त्वाचे स्थान दिले. तेव्हापासून सपुष्प वनस्पतींचे दोन सरळ भाग मानण्याची पद्धत पडली. गेल्या काही दशकांत डीएनएचा अभ्यास सुरू झाला आणि १९९८ साली अँजिओस्पर्म फायलोजेनी ग्रुप या शास्त्रज्ञांच्या गटाने नवे वर्गीकरण मांडले. त्यानुसार एकबीजपत्री हा खरोखरच एका पूर्वजापासून आलेला गट ठरला, पण द्विबीजपत्री हा तसा एकसंध गट राहिला नाही. सीताफळ, सोनचाफा, मिरी, दालचिनी यांची शाखा वेगळी निघाली. वड, आंबा, वाल, जास्वंद, सूर्यफूल अशा उरलेल्या फार मोठ्या समूहाला आता सत्य-द्विबीजपत्री म्हणता येईल. सपुष्प वनस्पतींच्या जवळजवळ तीन-चतुर्थांश जाती त्यात येतात आणि त्यांच्या परागकणांवर तीन खाचा असणे ही त्यांची भरवशाची खूण आहे. सीताफळाच्या परागकणांत ती नसते.

शाळेत दोन गटांचा तक्ता शिकवणे म्हणून मला गैर वाटत नाही. आपल्या आजूबाजूच्या बहुसंख्य झाडांना तो लागू पडतो. मात्र तक्त्याशेजारी अळू आणि सीताफळ ठेवूनच तो शिकवावा, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या आवारात नारळ, रॉयल पाम, आंबा आणि बदाम आहेत. नारळावर चढण्यासाठी खाचा पाडल्या आहेत, आंब्याला दिव्यांच्या माळा तारेने करकचून बांधल्या आहेत. झाडे स्वतःच भरून निघतात, असे काही सभासद म्हणतात. हे खरे आहे का?
– एक सोसायटी सचिव, घोडबंदर रस्ता, ठाणे

उत्तर : आपल्या आवारातल्या दोन प्रकारच्या झाडांना दोन वेगळ्या प्रकारे इजा होत आहे आणि त्याचे कारण त्यांच्या खोडांच्या रचनेत आहे.

आंबा आणि बदाम यांच्या खोडात सालीच्या लगेच आत कॅम्बियम नावाचा वाढत्या पेशींचा थर असतो. तो आतल्या बाजूला जलवाहिन्या, म्हणजे लाकूड, आणि बाहेरच्या बाजूला रसवाहिन्या तयार करतो. पानांत तयार झालेले अन्न या रसवाहिन्यांतून, म्हणजे सालीच्या आतल्या थरातून, मुळांकडे उतरते. झाडाला लहानशी जखम झाली, तर कडेच्या पेशी वाढून ती हळूहळू झाकून टाकतात. सभासदांचे म्हणणे इथपर्यंत बरोबर आहे. पण तार खोडाभोवती तशीच राहिली आणि खोड दरवर्षी जाड होत गेले, की तार सालीत रुतते, रसवाहिन्या चेपल्या जातात आणि मुळांची उपासमार सुरू होते. वरची पाने बराच काळ हिरवी राहतात, कारण पाणी आतल्या लाकडातून चढतच असते; म्हणून झाड ठणठणीत आहे, असा समज होतो. माळा काढून टाकाव्यात. निदान तारा तरी आजच सोडवाव्यात.

नारळ आणि पाम यांच्या खोडात हा थर नसतो. जलवाहिन्या आणि रसवाहिन्या यांचे जुडगे आडव्या छेदात विखुरलेले असतात आणि प्रत्येक जुडगा तयार झाला की त्याची वाढ थांबलेली असते. पाम आधी बुंध्याची रुंदी साधतो आणि मग उंच होतो. एकदा उंची घेतल्यावर त्याच्या खोडात वर्षागणिक नव्या लाकडाचा थर चढत नाही. त्यामुळे त्यात वार्षिक कडीही मिळत नाहीत. खाच पडली की ती झाडाच्या आयुष्यभर तशीच राहते. तिच्यात पावसाचे पाणी साचते, बुरशी शिरते आणि सोंड्या भुंगा अशाच जखमांत अंडी घालतो. नारळ उतरवणाऱ्यांना खाचा न पाडता दोराने किंवा चढण्याच्या यंत्राने चढायला सांगावे. शेंड्याची तर विशेष काळजी घ्यावी. नारळाला एकच वाढबिंदू असतो. तो मेला की झाड मेले, कारण बाजूने फांदी फुटण्याची सोय त्याच्याकडे नसते.

मुळांमुळे लाद्या आणि भिंती फुटतील, ही भीती मात्र उलट बाजूने पाहायला हवी. नारळाचे आदिमूळ लवकरच थांबते आणि बुंध्याच्या तळापासून निघणारी हजारो मुळे त्याची जागा घेतात; ती मुळे जाड होत नाहीत, त्यामुळे लाद्या उचलल्या जात नाहीत. वड-पिंपळाची मुळे जाड होत जातात, म्हणून कुंपणाच्या भिंती फोडतात. दोन्ही प्रकारच्या झाडांच्या बुंध्याभोवती सिमेंट मात्र नको.

आंब्यासारखे नारळाचेही कलम होते का, असे आपण पत्राच्या शेवटी विचारले आहे. आंब्याचे कलम होते ते दोन तुकड्यांचे कॅम्बियम एकमेकांना भिडून जुळते म्हणून. कोकणात रुळलेल्या कोय कलमात तर नुकत्याच उगवलेल्या, तांबूस पानांच्या रोपावर कोयीच्या वरच्या कोवळ्या भागात पाचर बसवतात. नारळाला किंवा केळीला असे कलम होत नाही आणि एकबीजपत्री वनस्पतींचे कलम होणेच शक्य नाही, असे दीर्घकाळ मानले जात होते. २०२१ च्या अखेरीस ‘नेचर’ या नियतकालिकात केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी बियातल्या भ्रूणाच्या अवस्थेत, कोंब आणि आदिमूळ जिथे मिळतात त्या ठिकाणी, गव्हासह अनेक एकबीजपत्री वनस्पतींचे कलम यशस्वी झाल्याचे दाखवले. ते प्रयोगशाळेतले नाजूक काम आहे. आवारातल्या वाढलेल्या नारळावर ते करता येणार नाही, पण केळी-खजुरासारख्या पिकांना मुळांच्या रोगांपासून वाचवण्याची वाट त्यातून निघू शकते.

प्रश्न : खाडीकाठच्या कांदळाला हातभर लांब हिरव्या शेंगा लोंबतात. त्या उघडून पाहिल्या, तर आत बी सापडत नाही. हे झाड कोणत्या गटातले?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : द्विबीजपत्री. त्या शेंगा नाहीत, झाडावरच रुजलेली रोपे आहेत. कांदळाच्या लहानशा फळात बी असते आणि ते गळून न पडता तिथेच अंकुरते. जो लांब हिरवा दांडा दिसतो, तो बीजपत्रे आणि आदिमूळ यांच्यामधला खोडाचा भाग आहे. बीजपत्रे एकमेकांना जुळून नळीसारखी झालेली असतात आणि वरच्या फळातच राहतात, म्हणून दोन दले मोजायला गेल्यास ती सापडत नाहीत. झाडाचा गट फुलातल्या चार निदलांवरून आणि चार पाकळ्यांवरून, तसेच जाड होत जाणाऱ्या खोडावरून ठरतो.

ठाणे खाडीत सर्वाधिक आढळणाऱ्या तिवरात मात्र दोन दले मोकळेपणाने दिसतात. तिवराचे बदामासारखे चपटे फळ भरतीच्या पाण्यात पडले की त्याची साल लवकरच गळते आणि आतली दोन जाड, हिरवी, एकमेकांवर घडी पडलेली बीजपत्रे उघडी होतात. ती तरंगतात आणि चिखलाला लागली की मूळ धरतात. तिवराच्या खोडात मात्र एकामागून एक नवे कॅम्बियम तयार होत असल्यामुळे त्यातली कडी मोजून झाडाचे वय काढता येत नाही. खाडीचा हा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आणि २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे. निरीक्षण जरूर करावे, पण तिथून काही तोडून आणू नये. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात कांदळवनाची चांगली माहिती मिळते.

प्रश्न : हिरवळीतल्या तणांवर २,४-डी फवारले. घोळ आणि रुंद पानांची इतर तणे गेली, पण लव्हाळा तसाच राहिला आणि शेजारच्या वाफ्यातली टोमॅटोची पाने मात्र वेडीवाकडी झाली. असे का झाले?
– एक वाचक, सीबीडी बेलापूर

उत्तर : १९४० च्या दशकात वापरात आलेले हे तणनाशक वनस्पतींतल्या ऑक्झिन या संप्रेरकाची नक्कल करते. रुंद पानांच्या द्विबीजपत्री वनस्पतींत ते वेगाने पसरते, पेशींची वाढ बेबंद होते आणि त्यात रसवाहिन्या कोलमडतात. गवतांसारख्या एकबीजपत्री वनस्पतींत ते कमी पसरते आणि लवकर निष्प्रभ केले जाते; भात, गहू, ऊस या पिकांत ते वापरता येते ते याच कारणाने. लव्हाळा, म्हणजेच नागरमोथा, हा एकबीजपत्रीच आहे. त्याची तीनधारी दांडी बोटांत फिरवून पाहिली, तर तो गवतापासून वेगळा ओळखता येतो. टोमॅटो द्विबीजपत्री असून या औषधाच्या वाऱ्यावर आलेल्या तुषारांनाही फार संवेदनशील आहे.

हिरवळीतला लव्हाळा नुसता उपटू नये, कारण दांडी तुटून वर येते आणि मातीतल्या गाठींची साखळी तशीच राहते. त्या गाठींतून आठवडाभरात नवे कोंब फुटतात. माती ओली असताना खुरप्याने खोलवर सैल करून गाठी वेचून काढाव्यात, त्या खतखड्ड्यात न टाकता उन्हात पूर्ण वाळवाव्यात आणि पुन्हा दिसणारा प्रत्येक कोंब पाच-सहा पाने येण्याआधी खणून काढावा. टोमॅटोच्या रोपांवर पुढे येणारी नवी पानेही वाकडीच आली, तर ती रोपे काढून टाकावीत आणि त्यांची फळे खाऊ नयेत.